पुण्यात बांधायचा, कोकणात पोहवायचा: कमी पैशातल्या शार्कपटाचा मासा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला एकांकिका करणारा गट आहे, हाताशी ६ लाख रुपये आहेत. कोकणातल्या एका काल्पनिक किनारी गावात घडणारी, ४०-४५ मिनिटांची शार्कची हॉरर-कॉमेडी करायची आहे. मासा कसा बनवायचा, तो पाण्यात कसा चालवायचा, रक्त कसं करायचं, आणि लोक चित्रपटाबरोबर हसतील पण चित्रपटाला हसणार नाहीत, यासाठी काय करायचं?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण खर्चाची वाटणी त्यावरच ठरते. मासा रबराचा आहे हे प्रेक्षकाला पहिल्या दृश्यातच कळतं आणि ते त्याला चालतं. न चालणाऱ्या गोष्टी दोन. एक, पडद्यावरच्या माणसांनाही तो रबराचा वाटणं. दुसरी, माशाने दर दृश्यात वेगळं वागणं. नटाने 'आपण गमतीचा सिनेमा करतोय' असा चेहरा केला की भीती जाते आणि तिच्यामागोमाग विनोदही जातो. एकांकिकेतल्या मुलांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असते. ती इथे पहिल्या दिवशीच उतरवावी लागते. तालमीत एक साधी कसोटी लावा: प्रसंग मासा काढून टाकून, घरात नाग निघाला आहे असं समजून करून बघा. तो तसा खरा वाटला, तर माशासकट तो हसवेल.

माशाचे नियम कागदावर लिहून काढा. तो कुठून येतो, कशाने खेचला जातो, किती वेळ पाण्याबाहेर टिकतो. बुल शार्क गोड्या पाण्यातही जगू शकतो, हे विज्ञानातलं सत्य तुमच्या फार उपयोगाचं आहे. त्यामुळे समुद्र, मग खाडी, मग गावचा ओढा, मग विहीर, मग लग्नाच्या मांडवामागची पाण्याची टाकी अशी चढण लावता येते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीच अशक्य हवी. तिसऱ्या मिनिटाला मासा टाकीत आला, तर पुढे चढायला जागाच उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या कुठल्याही शार्कपटाला मिळणार नाही आणि तुम्हाला आयती मिळाली आहे. कोकणात शार्क हा आधी जेवणातला पदार्थ आहे. मोरी म्हणा, मुशी म्हणा, तिचं मटण पानात असतं. पुण्याचा पर्यटक 'शार्क!' म्हणून किंचाळतो आणि बाजूची मासळीवाली 'केवढी मोरी? वाटे किती पडतील?' असं मनापासून विचारते, हा विनोद गावाच्या जगण्यातून आलेला आहे. मात्र त्यात गावकऱ्यांना बावळट दाखवू नका. समुद्र त्यांना कळतो, पाहुण्याला कळत नाही, विनोदाची दिशा तीच राहू द्या. बोलीचीही काळजी घ्या. मालवणी ही सिंधुदुर्गाची. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरी ऐकू येते, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी. गाव गुहागरसारखं दाखवायचं आणि पात्रांच्या तोंडी मालवणी घालायची, हे कोकणातला प्रेक्षक माफ करत नाही. संवाद त्या भागातल्या माणसाकडून वाचून घ्या.

आता मासा. एक पूर्ण मासा बनवू नका. चार तुकडे बनवा आणि प्रत्येक तुकडा एकाच कामाचा ठेवा: पाण्यावर दिसणारा पाठीवरचा पर, चावणारं मुंडकं, फटका मारणारी शेपटी, आणि शेवटी किनाऱ्यावर पडलेलं धड. 'जॉज' (१९७५) या चित्रपटाचे यांत्रिक मासे अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळच्या खाऱ्या पाण्यात सारखे बंद पडत राहिले, म्हणून मासा सुमारे ८० मिनिटं पूर्ण दाखवलाच गेला नाही आणि भीती पर, पाणी आणि संगीत यांवर उभी राहिली. त्यांच्याकडे पैसा होता तरी मोटर आणि मीठ यांचं जमलं नाही. म्हणून तुमचा पक्का नियम हवा: समुद्रात जाणाऱ्या एकाही तुकड्यात वीज नको.

सगळ्यात जास्त कष्ट परावर घ्या, कारण तोच सर्वांत जास्त वेळ दिसणार आहे. उंची १८ ते २० इंच. आत ६ मिमी मरीन प्लायवूडचा कणा, दोन्ही बाजूंनी ईव्हीए फोम (चपलेच्या तळव्यासारखा दाट, पाणी न पिणारा), कडा घासून पातळ केलेल्या. पुढची कड मागे कललेली, मागची कड आत वळलेली. घाईत तो उलटा बसवला जातो आणि मासा मागे पोहतोय असं दिसतं, म्हणून पाटावर बाण काढून ठेवा. हा पर ३ फूट लांब, १० इंच रुंद, १२ मिमी प्लायच्या पाटावर उभा करा. पाटाखाली दोन्ही बाजूंना ४ इंची पीव्हीसी पाइपचे ३-३ फुटांचे तुकडे, दोन्ही टोकं कॅप आणि सोल्व्हेंट सिमेंटने बंद. हे दोन पाइप मिळून सुमारे १७ किलो उचलतात. सांगाडा भरतो ६-७ किलो. वजन न लावता सोडलात तर सगळा तराफा वर येतो आणि पर चाकांवर ठेवल्यासारखा दिसतो. त्यासाठी खाली दीड-दोन फुटांवर लोखंड टांगायचं, साधारण १५ किलो. जुन्या बाजारात व्यायामाच्या जुन्या प्लेटा मिळतात, त्या उत्तम. वाळूची पोती वापरू नका. पाण्यात वाळूचं वजन जवळपास ४० टक्क्यांनी कमी भासतं, लोखंडाचं आठव्या हिश्शाएवढंच. शिवाय पोतं फाटतं.

पाट पाण्याच्या दोन बोटं खाली बसेपर्यंत अर्धा-अर्धा किलो वाढवत जा. ही जुळणी पुण्यात गोड्या पाण्यात होईल, पण समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून तिथे तोच तराफा थोडा वर येईल. अर्धा ते पाऊण किलो जादा लोखंड सोबत असू द्या. पाइप आणि पाट मळकट हिरवट-करड्या रंगाने रंगवा. कोकणातलं किनाऱ्याजवळचं पाणी निळं नसतं.

ओढायची दोरी पाटाच्या पुढच्या टोकाला, पाण्याखाली बांधायची. पराला बांधली तर तो पहिल्या लाटेत आडवा होतो. शेवटचे ३ मीटर तंगूस (गळाची पारदर्शक नायलॉन दोरी), त्यामागे तरंगणारी रंगीत दोरी, आणि ओढणाऱ्याच्या हातात मोजे. संपूर्ण ३० मीटर तंगूस वापरलं तर ते दिसत नाही हे खरं, पण पोहणाऱ्याच्या पायाला गुंडाळलेलंही दिसत नाही. मासा किनाऱ्यापासून दूर जाताना दाखवायचा असेल तर ४० मीटरवर नांगराला कप्पी बांधा आणि दोरी तिच्यातून फिरवून किनाऱ्यावरूनच ओढा. वेग भराभर चालणाऱ्या माणसाएवढा. त्याहून जास्त झाला की परापुढे होडीसारखी लाट उठते. पर डावीकडे-उजवीकडे हलवू नका. शार्कची शेपटी आडवी झटके मारते, पाठीवरचा पर जवळजवळ ताठ राहतो, आणि तो ताठपणाच भीतिदायक असतो. कॅमेऱ्यासमोरून सरळ आडवा नेण्यापेक्षा तिरका नेला तर तीच २० मीटरची दोरी दुप्पट अंतराची वाटते.

मुंडक्यासाठी बुरूड आळीतल्या बांबूच्या कामट्या घ्या. हलक्या असतात, पाण्यात गंजत नाहीत आणि वाकवता येतात. जबडा माणसाची छाती आत बसेल एवढा: रुंदी दोन फूट, उघडल्यावर दीड फूट. खालचा जबडा बिजागरीवर, आणि तो ओढायला स्कूटरची क्लच वायर, कव्हरसकट. नाना पेठेत मिळेल. दुसऱ्या टोकाला ब्रेकचा लिव्हर बसवला की सहा-सात फुटांवरून एक माणूस जबडा चालवतो आणि नटाच्या अभिनयाप्रमाणे वेग कमी-जास्त करू शकतो. मोटरला हे जमत नाही. मांडवातल्या, कोरड्या प्रसंगांसाठी मात्र १२ व्होल्टची वायपर मोटर चांगली. गणपतीचे हलते देखावे करणाऱ्या कारागिरांना हा प्रकार पाठ असतो. एप्रिल-मेमध्ये त्यांच्याकडे गेलात तर वेळ आणि भाव दोन्ही बरे मिळतात, जुलैनंतर ते तुम्हाला दारातही उभं करणार नाहीत.

कातडीत सर्वांत जास्त चुका होतात. गादीचा स्पंज स्वस्त आणि कापायला सोपा, म्हणून सगळे तोच घेतात. एक घनफूट स्पंज २८ लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो, म्हणजे मुंडक्यात पाच घनफूट स्पंज असेल तर दहा मिनिटांनी ते उचलायला चार माणसं लागतील आणि कामट्या मोडतील. पाण्यात जाणाऱ्या तुकड्याला ईव्हीए किंवा पॅकिंगचा पांढरा ईपीई फोमच वापरा. त्यावर होजिअरीचं ताणणारं कापड चिकटवून लॅटेक्सचे (द्रव रबराचे) चार-पाच हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. शेवटच्या दोन हातांत रंग लॅटेक्समध्येच मिसळा. वरून लावलेला ॲक्रेलिक रंग जबडा हलला की पापुद्र्यासारखा सुटतो. लॅटेक्सला अमोनियाचा वास असतो, बंद खोलीत काम करू नका. धडासाठी थर्माकोल वापरणार असाल तर त्यावर सोल्व्हेंटचा गोंद, स्प्रे पेंट किंवा पॉलिएस्टर रेझिन थेट लावू नका. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. आधी पांढऱ्या फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राचे तीन थर द्या, नाहीतर इपॉक्सी वापरा. आणि थर्माकोलचा तुकडा समुद्रात अजिबात नेऊ नका, त्याचे मणी नंतर गोळा करता येत नाहीत.

दात ईव्हीएचे किंवा सिलिकॉनचे, बोटाने वाकतील असे. ॲक्रेलिकचे दात फोटोत छान दिसतात, पण नटाचा चेहरा तिथे सहा इंचांवर असतो. हिरड्यांना चमकणारं वॉर्निश द्या, ओलसर दिसतं. डोळा काळा, गोल, भावशून्य. भुवया, डोळा मारणं, हसरा जबडा यांचा मोह टाळा. मासा विनोदी दिसायला लागला की माणसांना गंभीर राहण्याचं कारण उरत नाही.

छोट्या हत्तीची, म्हणजे टाटा एस टेम्पोची, मागची जागा साधारण सात फूट लांब असते. ताम्हिणीतून जाणार असाल तर कुठलाही तुकडा साडेसहा फुटांपेक्षा मोठा नको. धड दोन भागांत करा, मध्ये नट-बोल्ट. जोड दाखवताना त्यावर समुद्री शेवाळ टाकलं की झालं.

रक्ताची दोन मिश्रणं लागतील. अंगावरचं आणि तोंडात जाणारं: १ किलो लिक्विड ग्लुकोज (बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं), २५० मिली पाणी, खायचा लाल रंग, आणि दीड-दोन चमचे कोको. कोकोशिवाय ते सरबतासारखं दिसतं. मलमलच्या कापडातून गाळा, नाहीतर गुठळ्या नळीत अडकतात. फक्त कपड्यांवरच्या भागात थोडा शॅम्पू घाला, डाग लवकर निघतात. एका चाव्याला २०० मिली पुरतं. कारंज्याचा विनोद हवा असेल तर ५ लिटरचा हाताने दाब भरायचा फवारणी पंप, नोझल काढून. पंप नवाकोरा हवा. कीटकनाशक भरलेला पंप कितीही धुतला तरी नटाच्या तोंडाजवळ आणायचा नाही. चावल्या जाणाऱ्या प्रत्येक पात्राचे एकसारखे तीन शर्ट: कोरडा, ओला, फाटका. हे मिश्रण गोड आहे, मुंग्या आणि माश्या दहा मिनिटांत येतात, म्हणून प्रत्येक टेकनंतर लगेच पुसा.

पाण्यातल्या रक्ताला हेच ओतलं तर ते जड असल्यामुळे तळाला जातं आणि वर काहीच दिसत नाही. तिथे नुसतं गोडं पाणी आणि खायचा रंग. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे काही वेळ वरच पसरतं. तरीही ही दृश्यं समुद्रात करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मातकट पाण्यात लाल रंग चहासारखा दिसतो आणि लाट तो पसरवून टाकते. १० फूट व्यासाचं, २ फूट खोल प्लास्टिकचं कुंड पुण्यातच कुणाच्या अंगणात लावा, तळाला काळी ताडपत्री. सुमारे ४,५०० लिटर पाणी लागतं. चौकट कमरेच्या वरची ठेवा, मागे किनाऱ्यावर टिपलेल्या आवाजाची साथ द्या, कुंड समुद्रच वाटतं. त्याऐवजी खडकवासल्याच्या किंवा पानशेतच्या पाण्यात उतरायचा विचार कुणी मांडला तर तो तिथेच थांबवा. परवानगीचा प्रश्न आहेच, आणि खाली गाळ आणि अचानक खोली आहे.

समुद्राची वेळ पंचांगावरून ठरवा. कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ भरती आणि दुपारी ओहोटी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं, त्यामुळे दोन टेकमध्ये किनारा बदलत नाही. पर आणि मुंडकं याच दिवसांत उरका. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा सूर्यास्ताला ओहोटी असते आणि ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब मिळतं. पळापळीची, धड सापडण्याची दृश्यं तेव्हाची. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, वेळापत्रकही तसंच सरकवा. नक्की वेळेसाठी भरतीचा तक्ता बघाच. मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यातलं काम नाही.

पश्चिमेचा किनारा आहे, याचा फायदा घ्या. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून समुद्रावर पडतं, पाण्याला रंग दिसतो. तेव्हा नटांचे चेहरे आणि मासा टिपा. संध्याकाळी सूर्य पाण्यामागे, तेव्हा काळा पर आणि चकाकणारं पाणी. दहा ते चार सावलीतले संवाद. पोलरायझर (पाण्यावरची चमक कापणारा लेन्सचा फिल्टर) सोबत असू द्या. कॅमेरा पाण्यापासून सहा-आठ इंचांवर आणलात की २० इंची पर अंगावर येतो. उभ्या माणसाच्या उंचीवरून तोच पर खेळणं वाटतो. अर्धं पाण्याखालचं, अर्धं वरचं दृश्य हवं असेल तर २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच काचेचं मत्स्यालय विकत घ्या आणि कॅमेरा त्यात ठेवा. पण ते अर्धं बुडवायला त्याच्या स्वतःच्या वजनासकट सुमारे २७ किलो भार लागतो. काच आणि कॅमेरा धरून जेवढं कमी पडतं तेवढं वजन आत ठेवलं नाही तर ते हातातून वर उसळी मारतं. हा प्रयोग फक्त कुंडात किंवा तलावासारख्या शांत खाडीत.

सुरक्षेवर कंजूषपणा नको. तुमच्या संहितेत दर दोन पानांवर 'वाचवा' आहे, म्हणजे खरोखर बुडणाऱ्याचं 'वाचवा' कुणीच मनावर घेणार नाही. संहितेत कुठेही नसलेला एक शब्द ठरवा, उदाहरणार्थ 'आंबेमोहोर', आणि एक खूण: वर केलेली बंद मूठ. दोन्हींपैकी काहीही दिसलं-ऐकलं की सगळं थांबतं. गावातले, त्याच किनाऱ्यावर वाढलेले दोन पोहणारे पगारावर ठेवा आणि चित्रीकरणाच्या वेळी त्यांना दुसरं काहीही काम देऊ नका. छातीच्या वर पाण्यात कुणी जायचं नाही. वाळूत पाय घासत चाला, पाकट (वाळूत लपणारा, शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असेल तर बाजूला होतं. पोलीस ठाणं आणि ग्रामपंचायत यांना लेखी कळवा, किनाऱ्यावर फलक लावा, नाहीतर पर बघून कुणी तरी ११२ फिरवेल. होडी मेरिटाइम बोर्डाकडे नोंदलेली, आणि प्रवासीसंख्येत कॅमेरावालेही धरायचे. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मे रात्रीचे दिवे लावू नका. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात.

पैशाची वाटणी मी अशी करेन: मासा ९० हजार, होडी आणि सुरक्षा ६० हजार, अठरा माणसांचा प्रवास-मुक्काम-जेवण २ लाख, कॅमेरा आणि दिवे १ लाख १० हजार, आवाज ७० हजार, राखीव ७० हजार. पुण्यात तीन दिवस, कोकणात नऊ. पाण्यातली दृश्यं दिवसाला संहितेच्या दीड पानापेक्षा जास्त होत नाहीत, जमिनीवरची पाच पानं होतात. संगणकावरचा मासा या पैशात घेऊ नका. मासा बरा जमेल, पण त्याच्याभोवतीचं पाणी जमणार नाही, आणि नजर तिथेच अडकते. त्यापेक्षा काळ्या कापडासमोर बादलीने पाणी उडवून वेगवेगळे शिंतोडे टिपून ठेवा आणि संकलनात रबरी माशावर बसवा.

आवाजाला ७० हजार जास्त वाटतील, कमी करू नका. लाटांजवळचे संवाद वापरता येत नाहीत, हे गृहीतच धरा. प्रत्येक दृश्य संपल्यावर नटांना लगेच गाडीत बसवून, काचा बंद करून, तेच संवाद त्याच दमात पुन्हा रेकॉर्ड करा. धाप खरी असते, ती तीन महिन्यांनी स्टुडिओत येत नाही. प्रत्येक जागेचा नुसता समुद्र दहा मिनिटं टिपा. हाड मोडायला उसाचं कांडं, मांस फाटायला कोबीचा गड्डा आणि ओला टॉवेल, जबडा मिटायला शहाळ्यावर कोयता. चावा दिसायच्या आधी पाव सेकंद ऐकू आला पाहिजे.

विनोदी 'टुंई' आवाज आणि खट्याळ सनई लावू नका. संगीत भयपटाचंच ठेवा. हशा संकलनात मिळवायचा असतो: मासा दिसला, मग माणसाच्या चेहऱ्यावर १२ ते १८ फ्रेम (साधारण अर्धा ते पाऊण सेकंद) काहीच नाही, आणि मग किंकाळी. ही रिकामी जागा आठ फ्रेमवर आणली तर नुसता दचका बसतो, तीसवर नेली तर प्रेक्षक नटाच्या पुढे निघून जातो. प्रत्येक हल्ल्याची तीन वेगवेगळ्या लांबींची आवृत्ती करा आणि चित्रीकरणाशी संबंध नसलेल्या आठ-दहा जणांना एकत्र बसवून दाखवा. स्वतः पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा, कुठे हसतात ते कागदावर वेळेसकट टिपा, आणि त्या टिपणावरून शेवटची लांबी ठरवा.